छातीवरचा राजा : पोलिसांची सेवापदके आणि आपला खानदेश



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निवडायचा म्हणजे वक्ता बहुधा एखादी लढाई घेतो, एखादा किल्ला घेतो, नाही तर एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र घेतो. मी आज यांपैकी काहीच घेतलेले नाही. मी जी वस्तू घेऊन आलो आहे ती मुठीत मावते. जुन्या रुपयापेक्षा किंचित मोठी, धातूची, वर फितीसाठी अडकवण असलेली. तिच्या एका बाजूला राजाचा मुखवटा असतो. पोलिसाच्या छातीवर लावायचे हे पदक. कोणी विचारील की यात इतिहास तो काय? मला वाटते, पुष्कळ आहे. राज्यकर्ता ज्या गोष्टीला शिक्षा करतो तिच्यावरून त्याची भीती कळते, आणि ज्या गोष्टीला बक्षीस देतो तिच्यावरून त्याची गरज कळते. भीतीचा इतिहास आपण खटल्यांच्या रूपाने वाचलेला आहे. गरजेचा मात्र कोणी फारसा वाचीत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार राहत. त्यांना आम्ही मुले ‘हवालदारबाबा’ म्हणत असू. पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणावर ते फेटा बांधून, इस्त्रीचा कोट घालून येत आणि कोटावर एक पदक लावीत. घरी पेटीत त्यांच्याकडे दुसरेही एक होते, ते मात्र ते कधी लावीत नसत. एकदा मी धीर करून दोहोंतला फरक विचारला. ते म्हणाले, “तो राजाचा, हा राष्ट्रपतीचा. नोकरी मात्र एकच, बाळ.” त्या वेळी मला याचा अर्थ कळला नाही. आजचे सारे व्याख्यान म्हणजे त्या एका वाक्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न आहे, असे समजा ना.

आपल्या जिल्ह्याच्या पोलिसांची कुळी फार जुनी नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर भिल्ल नायकांच्या हाती होते. फौजा पाठवून काही साधेना. तेव्हा इंग्रजांनी एक निराळी युक्ती केली. १८२५ साली जेम्स आउट्रम नावाचा एक तरुण लेफ्टनंट धरणगावी आला आणि त्याने भिल्लांचीच पलटण उभारायला घेतली. आज ज्याचा पाठलाग करायचा, उद्या त्यालाच पगार देऊन पाठलाग करायला लावायचे, असा हा हिशोब होता. तो साधला, हे मान्य केले पाहिजे. आउट्रम दहा वर्षे येथे होता आणि तेवढ्या अवधीत खानदेशची भिल्ल पलटण हा राज्याचा भरवशाचा आधार झाला. पुढे ती जिल्हा पोलिसांत विलीन झाली. म्हणजे आपल्याकडे पोलिसी चाकरीचा आरंभच मुळी या प्रश्नापासून होतो, की चाकरी कोणाची आणि कोणाविरुद्ध?

या प्रश्नाचे जिवंत उदाहरण म्हणजे खाज्या नाईक. त्याला आपण १८५७ चा वीर म्हणून ओळखतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या चरित्राचा पूर्वार्ध आपण सोडून देतो. सेंधव्याच्या घाटातून मुंबई-आग्रा रस्ता जातो. त्या घाटाच्या रखवालीवर खाज्या सरकारी नोकरीत होता आणि १८३१ पासून १८५१ पर्यंत सुमारे वीस वर्षे त्याने ती रखवाली केली. त्याच्या कामाची साहेबलोकांनी वाखाणणी केली, त्याला बक्षिसे दिली. आजच्या भाषेत बोलायचे तर त्याचा सेवेचा कागद स्वच्छ होता. मग १८५१ मध्ये पकडलेला एक आरोपी मारहाणीत दगावला. खाज्याला शिक्षा झाली आणि तो तुरुंगात गेला. वीस वर्षांची नोकरी एका दिवसात पुसली गेली. १८५६ मध्ये सुटून आल्यावर सरकारने त्याला पुन्हा त्याच रस्त्याच्या कामावर घेतले, कारण त्या घाटात त्याच्यावाचून दुसऱ्याचे चालत नव्हते. दुसऱ्याच वर्षी उत्तरेकडून बंडाच्या बातम्या आल्या, आणि घाटाचा हा रखवालदार घाटासकट उलटला. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंदूरकडून येणारा सात लाखांचा सरकारी खजिना त्याच्या माणसांनी लुटला.

११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला लढाई झाली. भीमा नाईक आणि खाज्या नाईक यांची माणसे एका बाजूला आणि सरकारी फौज दुसऱ्या बाजूला. त्या सरकारी फौजेत भिल्ल पलटणीचे शिपाईही होते, हे विसरू नका. भिल्ल भिल्लांवर गोळ्या झाडीत होते. पकडलेल्यांपैकी अनेकांना तेथल्या तेथे उभे करून मारण्यात आले, बायकामुलांना कैदेत नेले. खाज्या त्यातून निसटला, पण १८६० मध्ये विश्वासघाताने मारला गेला. या माणसाला पदक मिळाले असते का? १८५० मध्ये अशी पदके असती तर कदाचित मिळाले असते. आणि मग १८५७ मध्ये त्या पदकाचे त्याने काय केले असते, हा प्रश्न मला पुष्कळदा पडतो.

१८५७ नंतर सरकारने पोलिसांची घडी नव्याने बसवली. आपल्या मुंबई इलाख्यात १८६७ साली जिल्हा पोलिसांचा आणि ग्रामपोलिसांचा असे दोन कायदे आले. गावात पोलीस पाटील, तालुक्याला फौजदार, वर जिल्ह्याचा सुपरिंटेंडेंट, अशी उतरंड तयार झाली. पाटलाचे काम वतनी होते. त्याची सेवा वर्षांत मोजायची नसे, पिढ्यांत मोजायची असे. शिपायाची मात्र पगारी नोकरी. तो पगार किती? १९०२ मध्ये अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली एक पोलीस कमिशन बसले. त्या कमिशनने शिपायाला महिना निदान आठ रुपये तरी मिळावेत अशी शिफारस केली. शिफारस करावी लागली, यावरून आधी काय मिळत असेल त्याची कल्पना करा. त्याच कमिशनने, म्हणजे सरकारनेच नेमलेल्या माणसांनी, असा स्पष्ट निर्वाळा दिला की पोलीस खाते अकार्यक्षम आहे, त्याची शिकवण अपुरी आहे, त्याच्यावर देखरेख नाही आणि लोक त्याला लाचखाऊ व जुलमी समजतात.

आता पाहा, अशा खात्याचे काय करायचे? पगार भरपूर वाढवावा तर तिजोरीला परवडत नाही. लोकांना उत्तरदायी करावे तर राज्यच परक्याचे, उत्तर देणार कोणाला? अशा वेळी मान नावाची वस्तू उपयोगी पडते. तिला खर्च थोडा आणि ती घेणाऱ्याला जन्मभर पुरते.

७ जुलै १९०९ रोजी सातव्या एडवर्डने राजाचे पोलीस पदक स्थापन केले. त्याला तात्कालिक कारण लंडनचे होते. त्याच वर्षी जानेवारीत टॉटनहॅम भागात दोन सशस्त्र दरोडेखोरांचा पाठलाग करताना एक शिपाई मारला गेला आणि लोकांचे मन हळहळले. परंतु पदक केवळ लंडनसाठी नव्हते. वर्षाला जास्तीत जास्त १२० पदके द्यायची, त्यांपैकी ४० विलायतेला, ३० वसाहतींना आणि ५० हिंदुस्थानला, अशी वाटणी होती. लंडनच्या शिपायाच्या नावाने निघालेल्या पदकांचा सर्वांत मोठा वाटा आपल्या देशाला आला! हे औदार्य नव्हते. जेथे गरज जास्त तेथे वाटा जास्त.

त्या पदकाच्या मागच्या बाजूला चिलखत घातलेला एक योद्धा उभा आहे. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ढाल, मागे तटबंदीचे शहर. ढालीवर इंग्रजीत कोरलेले आहे, ‘माझ्या लोकांचे रक्षण करण्यासाठी’. माझ्या म्हणजे राजाच्या. धुळ्याच्या किंवा जळगावच्या शिपायाला ती इंग्रजी अक्षरे वाचता येत नसत, पण ढाल दिसे.

फर्मानात पदक कशाकशाबद्दल द्यायचे याची यादी आहे आणि आजच्या विषयाचा गाभा त्या यादीत आहे. जीव धोक्यात घालून माणसे किंवा मालमत्ता वाचवणे, हे पहिले. त्याबद्दल कोणाचे दुमत नाही. मग पोलिसांची संघटना बांधण्यात मिळवलेले यश. मग गुन्ह्यांचा किंवा सार्वजनिक अशांततेचा मोठा उठाव मोडण्यातली खास कामगिरी. मग मोलाची राजकीय आणि गुप्त सेवा. मग राजघराण्यातील व्यक्तींची सेवा. आणि शेवटी दीर्घ सेवा, परंतु तिच्यात असाधारण योग्यता दिसली तरच. एका पदकाच्या पोटात केवढा संसार बसवला आहे पाहा! बुडत्याला वाचवणारा, गुप्त बातम्या पुरवणारा आणि तीस वर्षे इमानाने पहारा करणारा, तिघांच्याही छातीवर तोच राजा. जवळून पाहणाऱ्याला यांपैकी कोणता कोण हे कळायचे नाही. १९३३ च्या सुमारास शौर्याची आणि सेवेची पदके वेगळी झाली, पण सेवेच्या पोटातला घोळ तसाच राहिला.

दीर्घ सेवेला इतर सेवांच्या पंक्तीला बसवण्यात राज्यकर्त्याचा मोठा लाभ असतो. शौर्याचा क्षण एकाचा असतो, दीर्घ सेवा पुष्कळांची असते. आणि तिला राजकारणाचा वास येत नाही. पंचवीस वर्षे माणूस वेळेवर हजर राहिला, यात वाईट म्हणण्यासारखे काय आहे? म्हणून ज्या राजवटींना आपल्या कृत्यांची उघड स्तुती करवून घेणे कठीण जाते त्या राजवटी कालावधीची स्तुती करतात. जर्मनीत हिटलरने सत्तेवर आल्याला पाच वर्षे झाली त्या दिवशी, ३० जानेवारी १९३८ रोजी, पोलिसांसाठी सेवाचिन्ह काढले. ते आठ, अठरा आणि पंचवीस वर्षांच्या सेवेसाठी होते. आता तुम्हीच हिशोब करा. राजवट पाच वर्षांची, आणि सर्वांत खालचे चिन्ह आठ वर्षांच्या सेवेचे! म्हणजे पहिल्या दिवशी ते ज्याला मिळाले त्याची काही वर्षे तरी आधीच्या लोकसत्ताक राज्यातली होती. पंचवीस वर्षेवाला तर १९१३ मध्ये, कैसरच्या काळात भरती झालेला. तीन राजवटींची चाकरी, आणि सगळी वर्षे आपल्या खाती जमा करून घेणारा मात्र तिसराच. ज्या पोलिसांनी लोकसत्ताक राज्यात चोर धरले त्यांच्या चोख नोकरीची पुण्याई अशा रीतीने हुकूमशहाच्या पदरात पडली. मी इंग्रज सरकारला हिटलरच्या सरकारशी तोलत नाही. दोहोंत फार अंतर आहे. पण वर्षे मोजण्याची युक्ती दोघांचीही एकच होती.

आता पुन्हा खानदेशात येऊ.

१९३२ चा फेब्रुवारी महिना. जानेवारीच्या आरंभीच गांधीजींना पकडून येरवड्यात ठेवलेले, कायदेभंग पुन्हा पेटलेला, तुरुंग भरलेले. आपल्या धुळ्याच्या तुरुंगात त्या वेळी विनोबा होते, साने गुरुजी होते. रविवार, २१ फेब्रुवारी रोजी विनोबांनी तेथे कैद्यांपुढे गीतेवर पहिले प्रवचन केले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतले. पुढे दर रविवारी एक, असे १९ जूनपर्यंत अठरा रविवार हा क्रम चालला. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असलेले ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक ते हेच. आणि पहिल्या प्रवचनानंतर दोनच दिवसांनी, २३ फेब्रुवारी १९३२ रोजी, तिकडे विलायतेत पाचव्या जॉर्जने एक नवे पदक स्थापन केले. ते होते इंडियन पोलीस मेडल. काशाचे. फक्त हिंदुस्थानसाठी. वर्षाला दोनशेपर्यंत देता येईल असे. राजाच्या पदकातला पन्नासांचा वाटा आता पुरेनासा झाला होता.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हा निव्वळ योगायोग आहे. पण तुरुंगाच्या भिंतीच्या आत निष्काम कर्म समजावून सांगितले जात होते आणि त्याच आठवड्यात बाहेर कर्माच्या फळाची नवी टांकसाळ उघडत होती, हे मी आपल्या नजरेस आणल्यावाचून राहू शकत नाही.

दहा वर्षे गेली. ९ ऑगस्ट १९४२ ला नेते पकडले गेले. अमळनेरला लोक रस्त्यावर आले, डॉ. उत्तमराव पाटील आणि लीलाताई पाटील यांची नावे घरोघर झाली. बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारला मुलांची मिरवणूक निघाली. पोलिसांनी अडवली, गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम ही पाच मुले त्यात गेली. शिरीषकुमारचे वय सोळाही पुरे नव्हते. तो २८ डिसेंबर १९२६ चा.

येथे मला त्या दिवशी बंदूक धरणाऱ्या कोणा एका शिपायाला न्यायासनापुढे उभे करायचे नाही. मला ते १९०९ चे फर्मान उभे करायचे आहे. सार्वजनिक अशांततेचा मोठा उठाव मोडणे, असे त्यात शब्द आहेत. सातपुड्यातल्या दरोडेखोरांची टोळी आणि तिरंगा घेतलेली मुले, दोन्ही त्या एकाच कलमात बसतात. कलमाला डोळे नाहीत. ढालीवर ‘माझ्या लोकांचे रक्षण’ असे लिहिले असेल तर ती पाच मुले कोणाचे लोक होती? राजाचे असतील तर ढाल त्यांच्या पुढे असायला हवी होती. राजाचे नसतील तर राजा येथे काय करीत होता?

१९४४ मध्ये सरकारने इंडियन पोलीस मेडलचेही दोन भाग केले, एक शौर्याचे आणि एक गुणवंत सेवेचे. त्याच वर्षी १४ एप्रिलला शिंदखेड्याजवळ चिमठाणे येथे भूमिगतांनी धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला. खाज्या नाईकाच्या सात लाखांनंतर शहाऐंशी वर्षांनी त्याच मुलखात ही दुसरी लूट. मध्ये एवढी पदके वाटली गेली, पण खजिन्याची वाट काही सुरक्षित झाली नाही!

शिपायांची बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हे व्याख्यान एकांगी होईल. त्याच शिपायाने पटकीच्या साथीत गावे राखली, जत्रेत हरवलेली मुले आईबापांकडे पोहोचवली, सातपुड्याच्या पायथ्याला रात्री गस्त घातली. आपल्या मुक्ताईच्या यात्रेला आज जो बंदोबस्त असतो तो तेव्हाही असे. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला खेड्यात भरलेले पहिले काँग्रेस अधिवेशन झाले तेव्हा त्या गर्दीतही पोलीस होतेच. नोकरी सोडणे सोपे नव्हते. १९३० मध्ये गुजरातेत पुष्कळ पाटलांनी राजीनामे दिले, पण पाटलाच्या घरी शेत असते, शिपायाच्या घरी लाइनीतली एक खोली. १९४६ मध्ये बिहारचे पोलीस संपावर गेले, त्यावरून खात्याच्या पोटात काय खदखदत होते ते दिसते. पदक देणाऱ्याला हे सारे ठाऊक होते. पदकाची शिफारस साहेबाच्या लेखणीतून जाई. शिपायाची तीस वर्षे साहेबाच्या चार ओळींवर टांगलेली असत. गावाला त्याच्याबद्दल काय वाटते हे त्या वाटेवर कोठेच विचारले जात नसे.

१५ ऑगस्ट १९४७ ला राज्य बदलले. फौजदार तोच राहिला, ठाणे तेच राहिले, स्टेशन डायरीचे पान तेवढे उलटले. २६ जानेवारी १९५० रोजी सेवेत असलेल्या पोलिसांसाठी भारत सरकारने स्वातंत्र्य पदक काढले. १९२५ साली भरती झालेल्या शिपायाची पंचवीस वर्षे त्या दिवशी पुरी होत होती, आणि त्यांपैकी बावीस राजाच्या खात्यातली होती. मघाशी मी जर्मनीचा हिशोब सांगितला, तो येथेही लागू पडतो हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. मात्र फरक हा, की येथे नव्या राज्याने जुन्या माणसाला सामावून घेतले ते त्याला लोकांच्या बाजूला आणण्यासाठी. आणले की नाही, ते प्रत्येकाने आपापल्या ठाण्याच्या अनुभवावरून ठरवावे.

१ मार्च १९५१ पासून राष्ट्रपतींचे पोलीस व अग्निशमन सेवा पदक आणि पोलीस पदक सुरू झाले. राजाचा मुखवटा गेला. संविधानाच्या अठराव्या कलमाने पदव्याही गेल्या. रावसाहेब आणि खानबहादूर ही नावे लग्नपत्रिकांतून हळूहळू निघून गेली. पण कशाबद्दल पदक द्यायचे ही शब्दरचना पुष्कळशी जुन्या फर्मानाचीच राहिली. सार्वजनिक अशांतता, दीर्घ सेवा, असाधारण योग्यता, सारे आहे तेथे आहे. २०२४ च्या प्रजासत्ताकदिनापासून या पदकांची फेररचना झाली, अनेक पदके एकत्र करून चारच ठेवली, नावे बदलली. आपल्या गावाला एके काळी एदलाबाद म्हणत, आज मुक्ताईनगर म्हणतात. येथे नाव बदलले तेव्हा लोकांच्या मनातले दैवत पाटीवर आले. तसे पदकांच्या बाबतीत झाले का, हे पाहण्यासाठी नावाच्या खालचे कलम वाचावे लागते.

१९७२ मध्ये स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले गेले. आमच्या गल्लीतही एक आला, बेचाळीसमध्ये तुरुंगात गेलेल्या एका गृहस्थांकडे. त्यांचे घर हवालदारबाबांच्या समोरचेच. एकाकडे तांब्याचा पत्रा, दुसऱ्याकडे काशाचे पदक, आणि कासे म्हणजे तरी बहुतांशी तांबेच. संध्याकाळी दोघे एकाच ओट्यावर बसत. बेचाळीसबद्दल दोघे एकमेकांशी काय बोलत असतील याची आम्हा मुलांना फार उत्सुकता असे. आम्ही जवळ गेलो की ते केळीच्या भावाबद्दल बोलू लागत.

हवालदारबाबा गेले तेव्हा त्यांच्या मुलाने पेटी उघडली. राष्ट्रपतींचे पदक फितीसकट व्यवस्थित घडी करून ठेवलेले होते. राजाचे पदक फडक्यात गुंडाळलेले होते आणि त्याची फीत काढून टाकलेली होती. त्याच्या कडेवर त्यांचे नाव आणि हुद्दा कोरलेला होता. समोरच्या घरचे ते गृहस्थ तेव्हा तेथे उभे होते. मुलाने विचारले, “याचे काय करू?” ते म्हणाले, “असू दे. नाव त्याचे आहे.”